नाण्यावर पळणारा घोडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गॅरेजात गाडीच्या जागी एक घोडा उभा आहे. ओतीव ॲल्युमिनियमचा, पाठीवर लाल खोगीर, आणि बाजूच्या पेटीवर डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं टाकायची खाच. मिशिगनला राहायला आल्यानंतर बंद पडलेल्या एका दुकानाचं सामान विकायला काढलं होतं, तिथून आणला. तो दारात उतरवला तेव्हा बायकोने जो पहिला प्रश्न विचारला, तो या यादीत घेतलेला नाही. बाकीचे प्रश्न दरवर्षी गणपतीला घरी येणाऱ्या मंडळींचे. आरती होते, प्रसाद होतो, आणि मुलांच्या मागोमाग मोठी माणसंही गॅरेजात शिरतात. तीच तीच उत्तरं तोंडी देण्यापेक्षा एकदाची लिहून काढली.

याला मराठीत काय म्हणतात?

रुळलेला शब्द नाही. इंग्रजीतून आलेलं 'किडी राइड' मॉलमध्ये ऐकू येतं, पण मुलं कधी तसं म्हणत नाहीत. मुलं म्हणतात, "मला घोड्यावर बसायचंय." समोर गाडी असली, हत्ती असला तरी पुष्कळदा घोडाच म्हणतात. मीही इथे घोडाच म्हणणार आहे. इतिहासही त्यांच्याच बाजूचा आहे, कारण सुरुवात घोड्यापासूनच झाली.

पहिला घोडा कोणी बनवला?

अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या साइकस्टन गावच्या जेम्स ओटो हास यांनी. साल १९३०. महामंदी नुकतीच सुरू झाली होती. हास यांनी तो घोडा विकायला बनवलाच नव्हता; नाताळात आपल्या मुलांना द्यायची ती भेट होती. नाव मात्र भारदस्त ठेवलं: 'हास गेटेड मेकॅनिकल हॉर्स'. 'गेटेड' हा घोडेवाल्यांचा शब्द. ज्याला चालीचं शिक्षण आहे, जो नुसता उड्या मारत नाही तर ठरावीक लयीत पाय टाकतो, असा घोडा. मला हे नाव फार आवडतं. झोपाळ्यासारखा मागे-पुढे डुलणारा लाकडी घोडा घराघरात होताच. हास यांना डुलणारा नको होता, चालणारा हवा होता.

घरच्या मुलांची हौस भागल्यावर त्यांनी त्याचा धंदा करायचं मनावर घेतलं. आधी त्यांनी जत्रेतल्या चक्री घोड्यांचं कोरीवकाम करणाऱ्यांकडून लाकडी घोडे करवून घेतले. ते दिसायला देखणे, पण वजनाला भारी. चक्रीवर हे खपून जातं, कारण तिथे घोडा एका खांबाला अडकवलेला असतो आणि सगळा भार मधल्या मोठ्या यंत्रावर असतो. इथे घोडा एकटा, मोटर लहान, आणि यंत्र ठेवायचं दुकानाच्या कोपऱ्यात. जड घोडा म्हणजे मोटरवर ताण आणि उचलायला चार माणसं. म्हणून हास ॲल्युमिनियमच्या ओतकामाकडे वळले. घोडा पोकळ झाला, हलका झाला, आणि एका साच्यातून हवे तेवढे निघू लागले.

खरा खप मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचा. शिकागोच्या एक्झिबिट सप्लाय कंपनीने हे घोडे बाजारात नेले आणि हास यांनी एकूण विक्रीवर पाच टक्के आपल्याकडे ठेवले. नफ्यावर नव्हे, विक्रीवर. धंद्यातल्या माणसाला या दोन शब्दांतलं अंतर सांगावं लागत नाही. कंपनीचा 'बिग ब्रॉन्को' १९५०च्या दशकात गावोगावच्या दुकानांच्या दारात उभा राहिला.

त्याआधी यांत्रिक घोडे नव्हतेच का?

होते, पण ते मोठ्या माणसांसाठी आणि तब्येतीसाठी. एकोणिसाव्या शतकात स्टॉकहोमचे डॉक्टर गुस्ताव झांडर यांनी व्यायामाची यंत्रं केली, त्यांत घोडदौडीचा आभास देणारं यंत्रही होतं. १९१२ साली बुडालेल्या 'टायटॅनिक'च्या व्यायामशाळेत विजेचा घोडा होता आणि विजेचा उंटसुद्धा होता. समुद्राच्या मधोमध उंटावर बसायची कल्पना कोणाला सुचली असेल, देव जाणे.

सगळ्यात मजेदार घोडा व्हाइट हाउसमधला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांच्याकडे १९२५च्या सुमारास विजेवर चालणारा घोडा आला. बॅटल क्रीकचे डॉक्टर जॉन हार्वी केलॉग, म्हणजे नाश्त्याच्या कॉर्नफ्लेक्सवाले, यांच्या आरोग्यविचारातून तो निघालेला. अबोल म्हणून गाजलेला राष्ट्राध्यक्ष खोलीत एकटाच घोड्यावर डुलतोय, हे वर्तमानपत्रांना कळल्यावर त्यांनी काय केलं असेल ते सांगायला नको. तो घोडा आजही मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टनच्या ग्रंथालयात आहे.

थोडक्यात, घोड्याची मोटर आधीपासून होती. ती लहान मुलाच्या मापात आणून तिला नाण्याची खाच जोडायची राहिली होती.

नाणं टाकून यंत्र चालवायची कल्पना कधीची?

इसवी सनाच्या पहिल्या शतकातली. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने देवळातलं तीर्थ देणाऱ्या यंत्राचं वर्णन करून ठेवलंय. नाणं एका तरफेच्या टोकावरच्या ताटलीत पडतं, वजनाने ताटली कलते, झडप उघडते, पाणी येतं. नाणं घसरून पडलं की झडप बंद. आमच्या घोड्याच्या पेटीत नाणं जे करतं ते याहून फार वेगळं नाही.

पुढची उडी थेट १८८०च्या दशकातल्या लंडनची. पर्सिव्हल एव्हरिट यांनी पोस्टकार्डं विकणारं यंत्र काढलं आणि मग नाण्यावर वजन सांगणारा काटा. हा काटा तुम्हाला ओळखीचा वाटेल, कारण त्याचाच वारस आपल्या रेल्वे स्टेशनांवर लुकलुकणाऱ्या दिव्यांसह उभा असायचा. रुपया टाकला की खटकन जाड पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर यायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य, आणि बरोबर एखाद्या नटीचा फोटो. गंमत अशी की घोडे विकणारी एक्झिबिट सप्लाय मुळात नावारूपाला आली होती ती नाणं टाकून मिळणाऱ्या फोटोंच्या कार्डांवरच. नट-नट्या, बेसबॉलचे खेळाडू. नाणं टाका, चेहरा घ्या. माणसाचा हावरेपणा दोन्ही देशांत सारखाच निघाला.

हे घोडे दुकानाच्या दारातच का असतात?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण याचं उत्तर कळलं की बाकीचा इतिहास आपोआप उलगडतो. घोडा मुलासाठी वाटतो, पण तो विकला जायचा दुकानदाराला, आणि दुकानदार त्यावरून विकत घ्यायचा तो आईचा वेळ.

१९३० हे साल इथे पुन्हा येतं. हास यांनी घोडा बनवला त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मायकल कलन यांनी 'किंग कलन' हे दुकान उघडलं, ज्याला पहिल्या सुपरमार्केटांपैकी एक मानतात. तोवर किराणा म्हणजे गल्ल्यापुढे उभं राहून यादी वाचायची आणि दुकानातल्या माणसाने पुड्या बांधून द्यायच्या, अगदी आपल्याकडे असायचं तसं. सुपरमार्केटात गिऱ्हाइकाने स्वतः फिरायचं, स्वतः उचलायचं. १९३७ साली ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन यांनी चाकांची ढकलगाडी आणली, कारण हातातली टोपली जड झाली की बाई खरेदी थांबवते हे त्यांच्या लक्षात आलं होतं. टोपलीचा प्रश्न सुटला. उरला दुसरा प्रश्न: कंटाळलेलं मूल. तेही जड झालं की बाई खरेदी थांबवतेच.

युद्धानंतर अमेरिकेत मुलांची लाट आली. उपनगरं वाढली, प्रत्येक घरी मोटार, आठवड्याची खरेदी एकदम. अशा वेळी दुकानाच्या काचेला लागून एक घोडा उभा राहिला, आणि आई मुलाला म्हणू लागली, "शहाण्यासारखं वागलास तर जाताना घोडा." आपल्याकडे हेच काम गोळ्या-बिस्किटांनी केलं.

पैशाची बाजूही साधी होती. पुष्कळ दुकानदार घोडा विकत घेतच नसत. यंत्रांचा मालक वेगळा. तो घोडा आणून ठेवायचा, बिघडला तर दुरुस्त करायचा, ठरलेल्या दिवशी येऊन पेटी उघडायचा, आणि गल्ला दुकानदाराशी वाटून घ्यायचा. दुकानदाराचा खर्च काय, तर चार फूट जागा आणि थोडी वीज. पगार नाही, सुटी नाही. आणि मूल रडलं तरी घोड्याला कोणी बोल लावत नाही, आईलाच लावतात.

घोडाच का? रॉकेट कधी आलं?

त्या काळच्या अमेरिकन मुलांच्या डोक्यात काउबॉय बसलेले होते. आधी सिनेमातून, मग घरातल्या टीव्हीतून. रॉय रॉजर्स या नटाचा घोडा ट्रिगर आणि जीन ऑट्री यांचा चॅम्पियन यांना मालकाइतकीच प्रसिद्धी होती. एक्झिबिट सप्लायने ट्रिगरचं नाव घेतलं, शिकागोच्याच बॅली कंपनीने चॅम्पियनचं. ही बॅली म्हणजे पिनबॉल आणि जुगाराच्या यंत्रांसाठी ओळखली जाणारी. एकाच कंपनीच्या एका यंत्रावर बाप पैसे घालवायचा, दुसऱ्यावर मुलगा.

मग आकाशाकडे लक्ष गेलं. अंतराळयानं आली, जेट विमानं आली, अग्निशामक गाड्या आल्या. फायबरग्लास स्वस्त झाल्यावर तर कोणताही आकार ओतता येऊ लागला, आणि तिथून पुढे घोड्याचा जमाना मागे पडून टीव्हीवरच्या पात्रांचा जमाना आला. ब्रिटनमध्ये 'पोस्टमन पॅट'ची लाल गाडी आणि थॉमस नावाचं आगगाडीचं इंजिन यांनी बाजारांच्या दारात ठाण मांडलं.

माझं मत विचाराल तर इथे काहीतरी हातचं गेलं. घोड्याला गोष्ट लागत नाही. थॉमस माहीत नसलेल्या मुलाला थॉमस म्हणजे नुसती निळी पेटी.

आत नेमकं काय असतं?

दिसतं त्यापेक्षा कमी. आमच्या घोड्याच्या चौथऱ्याचा पत्रा चार स्क्रूंवर आहे. तो पहिल्यांदा काढला तेव्हा जुन्या ग्रीसचा वास आला, पिठाच्या गिरणीत पट्ट्याजवळ उभं राहिल्यावर येतो तसा. आत एक मोटर, साधारण धुलाई यंत्रात असते तेवढी. तिच्या पुलीवरून पट्टा दुसऱ्या मोठ्या पुलीवर. मोठी पुली गिअरपेटीला जोडलेली, कारण मोटर मिनिटाला हजाराच्या वर फेरे घेते आणि घोड्याला हवे असतात जेमतेम साठ-सत्तर.

जादू आहे ती त्याच्या पुढच्या तुकड्यात. गिअरपेटीच्या दांड्यावर एक चकती, आणि चकतीच्या मध्यावर नव्हे तर कडेला एक खुंटी. चकती फिरते तशी खुंटी वर्तुळात फिरते आणि तिला जोडलेला आडवा दांडा वर-खाली, मागे-पुढे होतो. घोड्याचं पोट पुढच्या बाजूला या दांड्यावर आणि मागच्या बाजूला एका झुलत्या कडीवर टेकलेलं. दोन टोकं वेगवेगळ्या वाटेने हलतात, म्हणून मान वर जाते तेव्हा पुठ्ठे खाली जातात. यालाच हास यांनी चाल म्हटलं. खुंटी मध्याच्या जवळ सरकवली तर दुडकी, लांब सरकवली तर भरधाव. काही जुन्या घोड्यांना लगाम ओढली की वेग वाढवायची सोय असे. आमच्याला नाही, त्यामुळे मुलं लगाम उपटतात आणि घोडा आपल्याच तंद्रीत असतो.

वेळ मोजायला घड्याळासारखी छोटी मोटर असते. तिच्यावर खाच असलेली एक चकती. नाणं पडलं की एक बटण दाबलं जातं, चकती फिरायला लागते, आणि तिची एक फेरी संपून खाच परत जागेवर आली की वीज तुटते. आमच्या चकतीची फेरी एक मिनिटाला दोन-तीन सेकंद कमी. हे कोणी मुद्दाम केलं की झिजून झालं, कोण जाणे. पण मुलांना कळतं. शेजारची पाच वर्षांची मुलगी दरवेळी उतरताना सांगते, "लवकर थांबला."

खोटं नाणं टाकलं तर चालतो?

प्रयत्न पुष्कळांनी केले. आमच्या घोड्याची नाण्याची पेटी उघडली तेव्हा आत निघालेला ऐवज: तीन लोखंडी वायसर, एक आइस्क्रीमची काडी, कुठल्यातरी खेळघराचं टोकन, आणि १९६४ सालचा एक चांदीचा डाइम. घोडा बंद पडला होता तो एका वायसरमुळे. ते खाचेत तिरकं अडकलं होतं, आणि त्याच्या मागे आलेला खरा डाइम रांगेत थांबून राहिला होता.

डाइमचा एक मोठा गुण म्हणजे तो अमेरिकेतलं सगळ्यात लहान नाणं आहे. व्यास १७.९१ मिलिमीटर. एक सेंटचा पेनी किमतीने दहापट हलका, पण आकाराने १९.०५ मिलिमीटर, त्यामुळे डाइमच्या खाचेत तो शिरतच नाही. अर्धी चोरी खाचेनेच थांबवली. उरलेलीसाठी चांगल्या यंत्रांत एक परीक्षा असे. नाणं आधी एका पाळण्यात पडायचं, आकार-वजन बरोबर असेल तरच पाळणा कलायचा. मग ते चुंबकाजवळून घसरायचं. लोखंड तिथेच चिकटायचं. चांदी चिकटत नाही, पण वीज उत्तम वाहून नेते, म्हणून चुंबकाजवळून जाताना तिचा वेग मंदावतो. शिशाचा तुकडा तितका मंदावत नाही, वेगात पुढे जातो आणि भलत्या बाजूला उडतो. साध्या घोड्यांत इतकी उस्तवार नसे, पण विकत माल देणाऱ्या यंत्रांत होती.

यातूनच एक मोठी अडचण उभी राहिली. १९६५ साली अमेरिकेने डाइम आणि क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं, यांतून चांदी काढली. नुसतं निकेल किंवा पोलाद वापरलं असतं तर देशातली सगळी यंत्रं नवी नाणी थुंकत बसली असती. म्हणून आत शुद्ध तांबं आणि वरून तांबं-निकेलचा पत्रा असं सँडविच केलं. तांब्यामुळे नाणं चुंबकापुढे चांदीसारखंच वागतं. एका देशाच्या नाण्याची घडण यंत्रांच्या सोयीने ठरली.

पॅक-मॅन या व्हिडिओ गेमचा आणि या घोड्यांचा संबंध आहे म्हणतात, खरं का?

अगदी खरं. आणि ही गोष्ट अमेरिकेतल्या गोष्टीपेक्षा मला जवळची वाटते.

१९५५ साली तोक्योत मासाया नाकामुरा यांनी 'नाकामुरा सेइसाकुशो' नावाची छोटी कंपनी काढली. शिक्षण जहाजबांधणीचं, पण युद्धात हरलेल्या देशात त्या नोकऱ्या कुठल्या? वडिलांचा बंदुका दुरुस्त करण्याचा धंदा होता. मुलाने वेगळीच वाट धरली: दोन यांत्रिक घोडे घेतले आणि ते योकोहामाच्या मात्सुया डिपार्टमेंट स्टोअरच्या गच्चीवर बसवले.

गच्चीवर का, हे समजून घ्यायला हवं. जपानमध्ये मोठ्या दुकानांच्या गच्चीवर मुलांचे खेळ ठेवायची रीत युद्धाआधीपासून होती. तोक्योच्या असाकुसा भागातल्या मात्सुयाच्या गच्चीवर १९३१ सालीच खेळघर उघडलं होतं. अमेरिकन दुकानदाराने घोडा दारात ठेवला, जपान्याने माथ्यावर. हिशेब उलटा पण पक्का: मुलाचा हट्ट पुरवायला वर जायचं म्हणजे सगळे मजले ओलांडून जायचं, आणि उतरताना पुन्हा ओलांडायचे.

दोन घोड्यांवर धंदा वाढला. १९६३ साली तोक्योतल्या निहोनबाशीच्या प्रतिष्ठित मित्सुकोशी दुकानाची गच्ची मिळाली. १९६६ साली डिस्नेच्या पात्रांचे हक्क घेऊन नाकामुरांनी मुलांच्या गाड्या बनवायला सुरुवात केली. पुढे कंपनीच्या इंग्रजी नावाची अक्षरं जुळवून 'नामको' हे नाव झालं, आणि १९८० साली याच नामकोने पॅक-मॅन आणला. पिवळ्या तोंडाचा तो खेळ मुंबई-पुण्यातल्या ज्यांनी व्हिडिओ पार्लरमध्ये रुपयाच्या नाण्यांवर खेळला असेल, त्यांचे काही पैसे त्या दोन घोड्यांच्या वंशालाच गेले म्हणायचे. नाकामुरा २०१७ साली गेले.

चीनमधल्या गाड्या गाणी म्हणतात, ती कसली?

नात्यांची. चीनमध्ये दुकानांबाहेर उभ्या असलेल्या डुलत्या गाड्यांमधलं सगळ्यात प्रसिद्ध गाणं प्रश्नोत्तरांचं आहे: बाबांच्या बाबांना काय म्हणतात, बाबांच्या आईला काय म्हणतात, बाबांच्या बहिणीला काय, आईच्या भावाला काय. कर्कश आवाजात, पुन्हा पुन्हा.

इथल्या एका चिनी शेजाऱ्याने हे गाणं मला समजावून दिलं तेव्हा तो आधीच दिलगिरी व्यक्त करत होता, की आमच्याकडे आत्याला आणि मावशीला वेगवेगळे शब्द आहेत, तुला विचित्र वाटेल. मी म्हटलं, बाबा रे, आमच्याकडेही आहेत. इंग्रजीत दोघींना एकच 'आंट' म्हणावं लागतं याचं दुःख आम्ही दोघांनी चहावर बराच वेळ वाटून घेतलं. मराठीत असं गाणं म्हणणारी गाडी कोणी केली तर मी पहिलं नाणं टाकीन.

नाणं म्हणजे बोलायची पद्धत. चीनमध्ये आता बहुतेक गाड्यांवर क्यूआर कोड असतो.

एका पेनीत चालणारा घोडा अजून आहे का?

आहे, आणि आमच्याच राज्यात. मायर ही मिशिगनची दुकानांची साखळी. ग्रीनव्हिल गावात हेंड्रिक मायर या मूळच्या डच न्हाव्याने १९३४ साली किराणा दुकान काढलं, तिथून ती वाढली. १९६२ साली त्यांनी ग्रँड रॅपिड्समध्ये 'थ्रिफ्टी एकर्स' नावाचं अवाढव्य दुकान उघडलं, किराणा आणि कापड एकाच छपराखाली, आणि तिथे सँडी नावाचा घोडा ठेवला. भाडं एक सेंट. साठ वर्षं उलटली, भाडं तेच. यातून गल्ला भरत नाही हे उघड आहे. पण इथे जन्मलेल्या कोणालाही विचारा, सँडीवर बसलेला स्वतःचा फोटो घरी असतोच. आमच्या मुलीचाही आहे: थंडीची टोपी कानावर, एक बूट निसटलेला.

घोड्याच्या चौथऱ्यावर पुष्कळदा कोणीतरी दोन-चार पेनी ठेवून गेलेलं असतं, पुढच्या मुलासाठी. पाणपोईवरचा पेला जसा कोणी नेत नाही, तसे ते तिथेच असतात. मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने चलनासाठी पेनी पाडणं थांबवलं. आहेत ती नाणी चालतील, नवी येणार नाहीत. माझ्या स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीत जमलेल्या पेनींचं काय करायचं हा प्रश्न त्यामुळे सुटलाय.

भारतात हे घोडे नाण्यावर का फारसे रुजले नाहीत?

हे माझं निरीक्षण, अभ्यास नव्हे. एक तर आपल्याकडे माणूस स्वस्त होता आणि मोटर महाग. जत्रेतला लाकडी घोड्यांचा पाळणा हाताने ढकलणारा माणूस मुलाला उचलून बसवतो, रडलं तर थांबवतो, ओळखीचं असेल तर दोन फेऱ्या जास्त देतो. यंत्राला यातलं काही येत नाही.

दुसरं कारण नाण्यांचं. यंत्राला एकाच मापाचं नाणं वर्षानुवर्षं लागतं. आपला रुपया किती वेळा आकार आणि धातू बदलून आला ते आठवा. दोनाचं अकरा बाजूंचं नाणं गेलं आणि गोल पोलादी आलं. २०११ साली चार आण्याचं आणि त्याखालचं सगळं चलनातून बाद झालं. प्रत्येक वेळी पेटी उघडून खाच बदलायची म्हणजे घोड्याची कमाई लोहारालाच. म्हणून मॉलमध्ये घोडे आले तेव्हा टोकनवर आले, मग कार्डावर, आणि शेजारी स्टुलावर एक मुलगा बसलेला असतोच. म्हणजे माणूस शेवटी सुटला नाहीच.

जुना घोडा घ्यायचा असेल तर काय पाहावं?

आधी ठोकून पाहा. ॲल्युमिनियम घंटेसारखं वाजतं, फायबरग्लास डबडब. ॲल्युमिनियम म्हणजे बहुधा जुना माल, पण जुन्या साच्यांवरून नव्याने ओतलेलेही विकले जातात. कंपनीची पत्र्याची पाटी, नाण्याची खाच कोणत्या नाण्याची, चौथऱ्यातल्या स्क्रूंचा गंज, हे सगळं एका वयाचं दिसलं पाहिजे. चकचकीत घोडा आणि गंजका चौथरा असेल तर लग्न नंतर लावलेलं आहे.

रंगाला हात लावताना जपून. त्या काळच्या रंगात शिसं असायचं. कोरडा घासू नका, आणि पोपडे सुटलेल्या घोड्यावर लहान मुलाला बसवू नका, ते लगाम चावतंच. वायरिंग पूर्ण बदला. जुन्या यंत्रांना बहुधा अर्थिंगची तिसरी तार नसते, आणि इथे सगळं अंग धातूचं आहे, वर बसणारा लहान, त्याचे हात घामट. हे काम मी स्वतः केलं नाही, परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. पट्ट्यावरचा पत्रा काढून घोडा कधीही चालवू नका. मी एकदा चालवला. बोट वाचलं, शर्टाची बाही गेली.

किंमत? चांगल्या स्थितीतल्या नावाजलेल्या घोड्याला हजारो डॉलर पडतात. माझा पडून होता, बंद होता आणि त्याला एक कान नव्हता.

तो मुलांना अजून नाण्यावरच देता की फुकट?

नाण्यावरच. डाइमची वाटी बाजूला ठेवलेली असते, तीच नाणी पेटीतून काढून पुन्हा वाटीत येतात. एकदा बटण लावून फुकट करून पाहिला होता. मुलं दहा मिनिटांत कंटाळली आणि निघून गेली. नाणं हातात असलं की रांग लावतात.

घोड्याला बैलाचं नाव का?

त्याचं नाव ढवळ्या. ते आईने ठेवलं. ती साताऱ्याकडची. इथे आली होती तेव्हा दसरा होता. घरातली हत्यारं-यंत्रं पुजायची म्हणून तिने पान्यांना, मिक्सरला, गाडीला हळद-कुंकू लावलं आणि मग गॅरेजात येऊन या पांढऱ्या जनावराच्या कपाळाला लावलं. झेंडूची माळ गळ्यात घातली आणि म्हणाली, "ढवळ्या, नीट चाल रे." मी म्हटलं, आई, हा घोडा आहे. ती म्हणाली, "माहितीय. आमच्या दारात घोडा कधी नव्हता. होता तो ढवळ्या."

मग तिने वाटीतला एक डाइम घेतला आणि मला विचारलं, कुठून टाकायचा.